काट्यावरून निघालेला आकडा

गाळप हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्रंदिवस गाड्या चढत-उतरत असतात. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर काट्यावर येऊन थांबतो. केबिनमधल्या इंडिकेटरवरचे लाल आकडे क्षणभर वरखाली होतात आणि एका ठिकाणी स्थिरावतात. समजा, १८४५० किलो. तोच आकडा शेजारच्या कॉम्प्युटरवर उमटतो, पावतीवर छापला जातो, कारखान्याच्या ऑफिसात नोंदला जातो आणि बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज म्हणूनही पोचतो. रिकाम्या गाडीचं वजन वजा झालं की उरतं ते निव्वळ वजन, आणि त्यावर उसाचं बिल ठरतं. एका घराचा वर्षाचा हिशेब ज्या आकड्यावर अवलंबून आहे, तो एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जातो कसा, हे नीट पाहण्यासारखं आहे.

तारेतून जातो तो फक्त विजेच्या दाबाचा चढउतार. त्या चढउतारात १८४५० आहे हे पलीकडच्या यंत्राला ओळखावं लागतं. ते ओळखता यावं म्हणून दोन्ही बाजूंनी काही गोष्टी आधीच ठरवून ठेवलेल्या असतात. पाठवणं त्या मानानं सोपं आहे. सगळी विद्या खर्ची पडली आहे ती ओळखण्याच्या बाजूला.

सुरुवात काट्याच्या खालून करू. प्लॅटफॉर्मखाली पोलादी लोड सेल असतात. भार आला की पोलाद अगदी किंचित दबतं आणि त्यावर चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांचा विद्युतरोध बदलतो. त्यातून जे व्होल्टेज मिळतं ते पूर्ण भाराला साधारण २० ते ३० मिलिव्होल्ट, म्हणजे १० किलोचा फरक अवघ्या काही मायक्रोव्होल्टचा. हे व्होल्टेज केबलमधून केबिनपर्यंत येतं तेव्हा वाटेत शिरलेली प्रत्येक गडबड थेट वजनात मिसळते. शेजारी मोटर सुरू झाली, केबलच्या जोडात ओल आली, की आकडा हलतो. कुठला भाग उसाचा आणि कुठला गडबडीचा, हे वेगळं करायला कुठली खूणच नसते. म्हणून तर ही केबल जाळीच्या आवरणाची असते, आणि अलीकडच्या काट्यांत लोड सेलच्या आतच व्होल्टेजचा आकडा करून टाकतात.

आकडा झाला की परिस्थिती पालटते. इंडिकेटरमधली चिप व्होल्टेज मोजून त्याला ठरावीक पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवते. पुढचा सगळा प्रवास दोनच खुणांचा, शून्य आणि एक. या खुणांना बिट म्हणतात. दोनच का? तर ओळखणाऱ्याचं काम सगळ्यात सोपं व्हावं म्हणून. अठरा हजार वेगवेगळ्या पातळ्यांमधून नेमकी एक ओळखण्यापेक्षा ‘आहे की नाही’ एवढंच ठरवणं कधीही जास्त खात्रीचं.

इंडिकेटर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये अजूनही कितीतरी काट्यांवर जुनी सिरियल केबल असते. तिचं मानक आरएस-२३२, सन १९६० चं. त्यात ठरलं आहे की उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे एक, अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे शून्य. मधल्या उणे ३ ते अधिक ३ या पट्ट्याला काहीच अर्थ नाही. हा मोकळा सोडलेला पट्टाच मला या मानकातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. उणे १० व्होल्ट पाठवले आणि वाटेत २ व्होल्टची गडबड झाली, तरी पलीकडे उणे ८ पोचले आणि त्याचा अर्थ एकच. गडबड तिथल्या तिथे संपली, पुढच्या टप्प्यावर बिट पुन्हा कोरं करकरीत निघतं. डिजिटल पद्धतीचं मोठं बळ यात आहे: चूक थोडी असेल तर साचत नाही.

आता आकड्याचे बिट कसे होतात ते बघू. इंडिकेटर बहुधा इंग्रजी आकड्यांची अक्षरं एकेक करून पाठवतो: एक, आठ, चार, पाच, शून्य. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक हे १९६३ साली ठरलेल्या आस्की या तक्त्यात आहे. त्यात ‘एक’चा क्रमांक ४९. आठ बिटांत लिहिला की होतो ००११०००१. ‘तीन’चा क्रमांक ५१, म्हणजे ००११००११. हे दोन शेजारी ठेवून पाहा. फरक एकाच बिटाचा आहे. वाटेत ते एक बिट उलटलं तर १८४५० चे ३८४५० होतील, आणि यंत्राला त्यात काही वावगं दिसणार नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

केबलमध्ये आकडा पाठवायला एकच तार आहे, तेव्हा आठ बिट एकामागून एक जाणार. मग पलीकडच्यानं एक बिट कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं हे ओळखायचं कसं? लागोपाठ तीन शून्यं आली तर तारेवर काहीच बदलत नाही, नुसता एक सलग दाब दिसतो. इथे घड्याळ लागतं. दोन्ही यंत्रांनी आधीच वेग ठरवलेला असतो, समजा सेकंदाला ९६०० बिट. म्हणजे प्रत्येक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकणार.

तार रिकामी असते तेव्हा तिच्यावर सतत ‘एक’ असतो. अक्षर सुरू होतंय हे सांगायला पाठवणारा तार एका बिटापुरती शून्यावर आणतो. हा स्टार्ट बिट. पलीकडची चिप याच क्षणाची वाट बघत असते. दाब पालटला की तिचं घड्याळ सुरू होतं. अर्धा बिट, म्हणजे ५२ मायक्रोसेकंद थांबून ती पुन्हा बघते, की शून्य खरंच आहे ना, क्षणिक झटका तर नव्हता. मग दर १०४ मायक्रोसेकंदांनी एकदा, म्हणजे प्रत्येक बिटाच्या बरोब्बर मध्यावर बघत जाते. मध्यावरच का, तर कडेला दाब बदलत असतो, मध्यावर तो स्थिरावलेला असतो. आठ बिट झाले की शेवटी ‘एक’ येतो, तो स्टॉप बिट, आणि तार पुन्हा विश्रांतीला जाते. सर्वांत कमी किमतीचं बिट आधी पाठवायचं हेही ठरलेलं असल्यामुळे ‘एक’ हे अक्षर तारेवर असं दिसतं: ०, मग १०००११००, मग १.

दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत कधीच जुळत नाहीत. समजा एक घड्याळ ३ टक्के मंद आहे. स्टॉप बिटापर्यंत साडेनऊ बिटांचा वेळ जातो, तोवर चूक साठून बिटाच्या पाव भागापेक्षा थोडी जास्त होते. अजून आपण त्याच बिटात आहोत, निभावतं. फरक ६ टक्के असेल तर चूक अर्ध्या बिटापलीकडे जाते आणि शेवटचं बिट चुकीच्या जागी वाचलं जातं. पण पुढच्या अक्षराचा स्टार्ट बिट आला की घड्याळ पुन्हा शून्यापासून, म्हणजे चूक दहा बिटांपलीकडे वाढूच शकत नाही. आणि दोन्ही बाजूंचा वेगच वेगळा ठरवला असेल, एकीकडे ९६०० आणि दुसरीकडे २४००, तर पडद्यावर वेडीवाकडी चिन्हं येतात. नवा इंडिकेटर बसवल्यावर कॉम्प्युटरवर अशी चिन्हं दिसली तर काटा बिघडला असं समजण्याआधी तंत्रज्ञ दोन्हीकडचा वेग तपासतो तो यासाठी.

पाच अंक आणि ओळ संपल्याची एक खूण अशी सहा अक्षरं, प्रत्येकी दहा बिट, एकूण ६० बिट. ९६०० च्या वेगानं सव्वासहा मिलिसेकंदांत संपतात. वेग हा इथला प्रश्नच नाही. प्रश्न खात्रीचा आहे.

त्यासाठीचा सगळ्यात जुना उपाय पॅरिटी. आठ बिटांतले ‘एक’ मोजायचे आणि एकूण संख्या सम व्हावी असं नववं बिट जोडायचं. ००११०००१ मध्ये तीन ‘एक’ आहेत, म्हणून पॅरिटी बिट १. वाटेत ‘एक’चा ‘तीन’ झाला तर पलीकडे एकूण पाच ‘एक’ निघतील, विषम. चूक पकडली गेली. पण ‘एक’चा ‘दोन’ झाला तर? ‘दोन’ म्हणजे ००११००१०. दोन बिटं उलटली, ‘एक’ पुन्हा तीनच राहिले, पॅरिटीला पत्ता लागला नाही. विजेचा झटका बसतो तेव्हा एकच बिट बिघडेल असा भरवसा नसतो, त्यामुळे हा पहारा तसा लंगडाच.

दुसरा उपाय बेरजेचा. सगळ्या अक्षरांचे क्रमांक मिळवून ती बेरीजही सोबत पाठवायची. १८४५० साठी ४९, ५६, ५२, ५३ आणि ४८ यांची बेरीज २५८. हीसुद्धा फसते: चारचा पाच आणि पाचचा चार झाला तर आकडा होतो १८५४०, बेरीज तीच २५८, आणि ९० किलोचा फरक कुणाच्या लक्षात येत नाही.

मग बेरजेऐवजी भागाकार. पूर्ण संख्येला एका ठरलेल्या संख्येनं भागायचं आणि बाकी सोबत पाठवायची. १८४५० ला ९७ ने भागलं की बाकी उरते २०. १८५४० ची बाकी १३. अंकाची जागा बदलली की बाकीही बदलते, कारण भागाकारात प्रत्येक अंकाच्या स्थानाला वजन आहे. प्रत्यक्षात यंत्रं वापरतात तो भागाकार हातच्याशिवायचा, फक्त शून्य-एकांचा असतो आणि भाजक खूप विचारपूर्वक निवडलेला असतो. या पद्धतीला सीआरसी म्हणतात, तिची मांडणी डब्ल्यू. वेस्ली पीटरसन यांनी १९६१ मध्ये केली. कारखान्याच्या ऑफिसपर्यंत जाणाऱ्या इथरनेट केबलवर प्रत्येक गठ्ठ्यामागे अशी ३२ बिटांची बाकी असते. सलग ३२ बिटांच्या पट्ट्यात कशीही मोडतोड झाली तरी ती हमखास सापडते. पलीकडचं यंत्र तोच भागाकार करतं, बाकी जुळली नाही तर गठ्ठा सरळ टाकून देतं.

केबलबद्दलही थोडं सांगायला हवं. आरएस-२३२ ची केबल साधारण १५ मीटरच्या पुढे न्यायची नाही असा जुना दंडक आहे. जास्त अंतर असेल तर एकाच तारेवरचा दाब मोजण्याऐवजी दोन तारा एकमेकींना पीळ घालून नेतात आणि एकीवर जो दाब, त्याच्या उलटा दुसरीवर ठेवतात. पलीकडे फक्त दोघींतला फरक बघायचा. बाहेरची गडबड शिरली तर दोन्ही तारांवर सारखीच शिरते आणि वजाबाकीत निघून जाते. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये टेलिफोनसाठी या पीळ घातलेल्या जोडीचं पेटंट घेतलं होतं. आज आरएस-४८५, इथरनेट आणि यूएसबी या तिन्हींच्या मुळाशी तीच कल्पना आहे.

ऑफिसातून आकडा बाहेर पडतो तेव्हा तो पॅकेटमध्ये असतो. सलग प्रवाह पाठवण्याऐवजी माहितीचे छोटे गठ्ठे करावेत, प्रत्येकावर पत्ता लिहावा आणि ज्याला जी वाट मोकळी मिळेल तिनं जाऊ द्यावं, हा विचार १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे मांडला. इथरनेटच्या एका गठ्ठ्यात जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. वजनाची नोंद एका पॅकेटात आरामात बसते. काट्यावरच्या गाडीचा तीन लाख बाइटांचा फोटो असेल तर दोनशेहून जास्त पॅकेटं होतील.

वाटेतले राउटर पॅकेट पुढे ढकलतात, पण ते पोचेलच अशी जबाबदारी घेत नाहीत. गर्दी झाली तर खुशाल टाकून देतात. ही जबाबदारी दोन टोकांच्या यंत्रांवर आहे, आणि ती निभावण्याचे नियम, म्हणजे टीसीपी, व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये मांडले. अमेरिकेच्या आर्पानेट या संगणक-जाळ्यावर ते १ जानेवारी १९८३ पासून लागू झाले. पाठवणारा प्रत्येक बाइटला अनुक्रम देतो. घेणारा ‘अमुक क्रमांकापर्यंत मिळालं’ अशी पोच परत पाठवतो. ठरावीक वेळात पोच आली नाही तर पाठवणारा तेच पुन्हा पाठवतो. पॅकेटं मागेपुढे पोचली तर अनुक्रम पाहून जागेवर लावली जातात, एकच दोनदा आलं तर दुसरं सोडून दिलं जातं. कोल्हापूरकडून मुंबईला समजा ४०० किलोमीटर फायबर असेल, तर काचेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगानं जाणाऱ्या प्रकाशाला जायला २ मिलिसेकंद आणि पोच परत यायला आणखी २. वाटेतल्या यंत्रांत जातो तो वेळ वेगळा. म्हणून पोचेची वाट बघत बसण्याऐवजी पाठवणारा बरीच पॅकेटं एकामागून एक सोडत राहतो आणि पोच मागाहून जुळवतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण काट्याबद्दल शेतकऱ्याच्या मनात शंका असते आणि ती शंका रास्त प्रश्न विचारते. पॅरिटी, बेरीज, सीआरसी हे सगळे पहारे निसर्गाच्या गडबडीवर आहेत, माणसाच्या हेतूवर नाहीत. कुणी मध्ये बसून मुद्दाम आकडा बदलला तर तो नवी बाकीही काढून लावू शकतो, आणि पलीकडचं यंत्र ती बिनबोभाट मान्य करील. त्यासाठी फक्त पाठवणाऱ्याजवळ असलेली गुप्त किल्ली वापरून केलेली डिजिटल सही लागते. ती आकड्याबरोबर असेल तर आकडा बदलताच सही खोटी ठरते. तीही वाटेतल्या फेरफाराचाच बंदोबस्त करते. इंडिकेटरमध्येच आकडा चुकीचा बनला असेल तर सही त्या चुकीवरच होते. लोड सेल खरं मोजतो की नाही हे तपासायला प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासावा लागतो, त्याला पर्याय नाही.

आता शेवटचा टप्पा, शेतकऱ्याचा फोन. मेसेज समजा असा: ‘वजन 18450 किलो’. (आकडे इथे मुद्दाम इंग्रजी ठेवले आहेत, मेसेजमध्ये ते बहुधा तसेच असतात.) एसएमएसची जागा १४० बाइटांची, म्हणजे ११२० बिटांची. इंग्रजी अक्षरं सात-सात बिटांत बसवतात, म्हणून १६० मावतात. देवनागरी आली की प्रत्येक अक्षराला युनिकोडचे १६ बिट लागतात आणि मर्यादा ७० वर येते. त्यातही मेसेजमध्ये एकच ‘व’ असला तरी सबंध मेसेज १६ बिटांचा होतो, आकडे आणि मोकळ्या जागासुद्धा. शिवाय काना, वेलांटी, मात्रा वेगवेगळ्या मोजल्या जातात. ‘किलो’ ही दिसायला दोन अक्षरं, पण क, वेलांटी, ल आणि ओकार मिळून चार. वरचा मेसेज १४ चिन्हांचा, म्हणजे २८ बाइट. मराठी मेसेज ७० च्या पुढे गेला की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यावर क्रमांक लिहायला जागा द्यावी लागल्यामुळे एका तुकड्यात ६७ च उरतात. कारखान्यानं ऊसगट, खेप, गाडी क्रमांक, निव्वळ वजन सगळं मराठीत लिहायचं ठरवलं तर खर्च दुप्पट-तिप्पट होतो तो यामुळे.

टॉवर आणि फोन यांच्यामध्ये तार नाही, रेडिओलहर आहे. तिची उंची आणि तिचा चढायला लागण्याचा क्षण बदलून बिट चढवले जातात. ४जी मध्ये रेंज उत्तम असेल तर लहरीच्या एका बदलात ६ बिट बसवतात, म्हणजे फोनला ६४ शक्यतांतून एक ओळखायची असते. रेंज कमी असेल तर २ च बिट, फक्त चार शक्यता. किती जमेल हे फोन स्वतः सिग्नल मोजून टॉवरला कळवत राहतो. उसाच्या फडात, खोलगट रानात नेट हळू चालतं त्याचं हे एक मोठं कारण: लहर तेवढ्याच वेगानं येते, पण तिच्यावर माहिती कमी लादलेली असते. एखाद्या वाटेनं किती माहिती बिनचूक जाऊ शकते याला मर्यादा आहे आणि ती सिग्नल व गडबड यांच्या प्रमाणावर ठरते, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये गणितानं दाखवलं होतं.

हवेत चुका इतक्या होतात की दर वेळी ‘पुन्हा पाठव’ म्हणत बसणं परवडत नाही. चूक जागेवरच दुरुस्त व्हायला हवी. याचा पाया बेल लॅब्जमधल्या रिचर्ड हॅमिंग यांनी घातला. त्यांचं काम सुट्टीच्या दिवशी रिलेच्या यंत्रावर लागायचं. यंत्राला चूक सापडली की ते काम तिथेच सोडून पुढचं घ्यायचं. यंत्राला चूक आहे एवढं कळतं, तर ती कुठं आहे हे का कळू नये, या वैतागातून त्यांनी १९५० मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. सात जागा घ्या. पहिली, दुसरी आणि चौथी जागा तपासणीसाठी, उरलेल्या चार माहितीसाठी. पहिली तपासणी १, ३, ५, ७ या जागांची पॅरिटी बघते. दुसरी २, ३, ६, ७ ची. चौथी ४, ५, ६, ७ ची. आता पाचव्या जागेचं बिट उलटलं असं समजा. पहिली तपासणी बिघडेल, चौथीही बिघडेल, दुसरी ठीक निघेल. एक अधिक चार, पाच. बिघडलेल्या तपासण्यांच्या क्रमांकांची बेरीज हाच बिघडलेल्या बिटाचा पत्ता. ते बिट उलटवलं की झालं, परत विचारायची गरज नाही. आजच्या मोबाइलमधल्या पद्धती याहून कितीतरी गुंतागुंतीच्या आहेत, पण जादा बिट देऊन चुकीची जागा शोधण्याचा मार्ग हाच.

मेसेज फोनपर्यंत थेट येत नाही. कंपनीच्या मेसेज केंद्रात तो आधी साठवला जातो, मग फोनकडे पाठवला जातो, आणि फोनची पोच आली की तिथून काढला जातो. फोन बंद असेल किंवा रेंजमध्ये नसेल तर केंद्र मेसेज ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवतं. फोन पुन्हा कुठल्याही टॉवरला जोडला गेला की नेटवर्क केंद्राला तसं कळवतं आणि मेसेज पुन्हा निघतो. त्यासोबत केंद्राला तो मिळाल्याची वेळही येते. रात्री दोनला काटा झाला आणि फोन सकाळी सातला चालू केला, तर मेसेजच्या तपशिलात दोनच्या सुमाराची वेळ सापडते, आणि पावतीवरच्या वेळेशी ती ताडून पाहता येते.